पूजा: फुलाचा शब्द, लेपाचा की पाहुण्याचा?

सत्यनारायणाच्या पूजेला मोठ्यांच्या शेजारी पाटावर बसवलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते: अक्षतांनी सगळं भागतं. गुरुजी म्हणतात, ‘आसनार्थे अक्षतान् समर्पयामि’, आपण चार अक्षता वाहायच्या, देवाला बसायला आसन मिळालं. ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’, पुन्हा चार अक्षता, दागिने झाले. मध्ये पळी-पळी पाणी ताम्हनात सोडायचं. एक पळी देवाच्या पायांवर, एक हातांवर, एक चूळ भरायला. कापसाचं गेजवस्त्र चिकटवलं की देवाचे कपडे झाले. नऊ-दहा वर्षांच्या वयात मला हे सगळं शेजारच्या मुलींच्या भातुकलीसारखं वाटायचं. त्याही रिकामा कप पुढे करून ‘घ्या ना चहा’ म्हणायच्या. फरक एवढाच की भातुकलीत कुणी संस्कृत बोलत नसे.

ही तुलना तेव्हा कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. पुढे ‘पूजा’ या शब्दाच्या मागे लागल्यावर लक्षात आलं की ती अगदीच चुकीची नव्हती. भातुकलीत पाहुणे येतात, तसे पूजेतही येतात.

शब्दापासून सुरुवात करू. पूजा हा संस्कृत शब्द, तो कशावरून आला? व्याकरणाला विचारलं तर उत्तर तयार आहे: ‘पूज्’ धातूवरून. आणि पूज् धातूचा अर्थ काय? धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह केलेली जुनी यादी, सांगतो, ‘पूज पूजायाम्’. म्हणजे पूज् हा धातू पूजा या अर्थी. पाण्याला पाणी का म्हणतात, तर ते पाणी असतं म्हणून. बरं, हा धातू ज्या दहाव्या गणात आहे, त्या चुरादि गणात नामावरून नंतर बनवलेले धातू बरेच सापडतात. त्यामुळे ‘पूज्’वरून ‘पूजा’ झाली की आधी ‘पूजा’ होती आणि व्याकरणकारांनी तिच्यासाठी धातू करून दिला, अशी शंका येते. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

आता धातुपाठातलाच आणखी एक धातू पाहा. यज्ञ शब्द ज्यावरून आला तो ‘यज्’. त्याचा अर्थ दिलाय ‘देवपूजा-संगतिकरण-दानेषु’. इथे ‘यज्’ हा जुना शब्द समजावताना व्याकरणकार ‘पूजा’ शब्द वापरतो. एखादी अवघड गोष्ट सांगायची तर आपण ऐकणाऱ्याला माहीत असलेल्या शब्दातच सांगतो. म्हणजे तोवर पूजा हा सगळ्यांच्या ओळखीचा शब्द झाला होता. पण नुसतं ‘पूजा’ म्हटलेलं नाही, ‘देवपूजा’ म्हटलंय. पूजा आणखी कुणाकुणाची व्हायची, म्हणून ती देवाची आहे हे सांगावं लागलं.

ती व्हायची माणसांची. जुन्या साहित्यात पूजा शब्दाची ही बाजू जागोजागी दिसते. सगळ्यात ठसठशीत पुरावा दगडावर कोरलेला आहे. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात, गिरनारच्या पाठात, राजा म्हणतो की मी सगळ्या पाषंडांना, म्हणजे सगळ्या पंथांना, संन्याशांना आणि गृहस्थांना दानाने आणि विविध प्रकारच्या ‘पूजे’ने पूजतो. अशोक पंथांपुढे आरती ओवाळत होता असा याचा अर्थ कुणी करत नाही. तो त्यांचा मान ठेवत होता. त्याच लेखात पुढे ‘आत्पपासंडपूजा’ असा शब्द येतो, म्हणजे आपल्याच पंथाची वाहवा. कारण नसताना ती करू नये आणि दुसऱ्यांच्या पंथाची निंदाही करू नये, असं अशोक सांगतो. दुसऱ्यांच्या पंथांचीही ‘पूजा’ केलीच पाहिजे, असं पुढचं वाक्य आहे. आज ‘दुसऱ्याच्या धर्माची पूजा करा’ असं वाक्य कुणी लिहिलं तर त्याची काय पूजा होईल ते वेगळं सांगायला नको. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात मात्र हे साधं वाक्य होतं, कारण पूजा म्हणजे आदर.

याच अर्थाची एक ओळ महाराष्ट्रात बौद्ध घरांमध्ये पाठ असते. मंगलसुत्तात उत्तम मंगल कोणकोणतं ते सांगताना सुरुवातीलाच येतं, ‘पूजा च पूजनेय्यानं’. जे आदराला पात्र आहेत त्यांचा आदर करणं. त्याच घरात, त्याच वेळी, बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवताना ‘पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन’ म्हणतात. म्हणजे एकाच पठणात शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी बसलेले आहेत, माणसाचा मान आणि फुलं वाहणं.

मनुस्मृतीतली एक ओळ भाषणांतून इतकी झिजली आहे की तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही: ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’. स्त्रियांची पूजा जिथे होते तिथे देवता रमतात. यावरून स्त्रीला देवी मानलं होतं असं एक टोक गाठलं जातं, तर ‘एकीकडे पूजा आणि दुसरीकडे बंधनं’ म्हणून दुसरं टोक. तीन श्लोक पुढे जाऊन बघा. तिथे ही पूजा कशी करायची ते सांगितलंय: ‘भूषणाच्छादनाशनैः’. दागिने, कपडे आणि जेवण यांनी, तेही सणासमारंभाला. देव्हारा वगैरे काही नाही. माहेरवाशिणीचं जे करतात ते. मनूबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं, पण या ओळीतल्या ‘पूज्यन्ते’चं भाषांतर ‘पुजल्या जातात’ असं करून आपण आपली फसगत करून घेतो.

मग हा शब्द मूर्तीपाशी कधी आला? पाणिनीच्या एका सूत्रात देवांच्या प्रतिमांची नावं कशी तयार होतात याचा नियम आहे: ज्या प्रतिमा उपजीविकेसाठी असतात पण विकायला नसतात, त्यांच्यासाठी. यावर पतंजलीने महाभाष्यात एक मजेशीर टिप्पणी केली आहे. मौर्य राजांनी सोन्याच्या लोभाने प्रतिमा तयार करवल्या, तिथे हा नियम लागू होणार नाही. मात्र ज्या सध्या पूजेसाठी आहेत, त्यांना लागू होईल. व्याकरणाचा मुद्दा बाजूला ठेवा. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा पंडित ‘सध्या पूजेसाठी असलेल्या’ प्रतिमांबद्दल अगदी सहज बोलतोय, हे महत्त्वाचं. त्यानंतर राजस्थानात चित्तोडजवळच्या घोसुंडीचा शिलालेख येतो. तिथे संकर्षण आणि वासुदेव या देवांसाठी ‘पूजाशिलाप्राकार’ बांधल्याची नोंद आहे. पूजेच्या शिळेभोवती दगडी आवार. म्हणजे शब्दाला आता पक्की जागा मिळाली.

त्या काळात यज्ञही बंद पडले नव्हते. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा जो मोठा लेख आहे, त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादीच्या यादी आहे. गाई, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. पण त्याच लेखाच्या आरंभी ज्या देवांना वंदन केलंय त्यांत इंद्राबरोबर संकर्षण आणि वासुदेव आहेत. घोसुंडीला ज्यांच्या पूजेचं आवार आहे तेच दोघे. घाट चढून गेलेल्या ट्रेकरांनी त्या भिंतीपुढे सेल्फी जरूर काढावा, पण क्षणभर हेही आठवावं की यज्ञाचं जग आणि पूजेचं जग तिथे एकाच भिंतीवर आहे.

यज्ञ आणि पूजा यांत फरक काय? यज्ञाला देऊळ लागत नाही, मूर्ती लागत नाही. वेदी मांडायची, अग्नी पेटवायचा, आहुती द्यायची, आणि काम झालं की जागा मोकळी. देवाकडे जाणारी वस्तू अग्नीतून जाते, आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. पूजेत देव इथे येतो, समोर बसतो. त्याला पाणी देता येतं, अंघोळ घालता येते, कपडे घालता येतात, जेवू घालता येतं, आणि जेवून झाल्यावर ताट परत मिळतं. तोच प्रसाद. (यज्ञातही देवांना दर्भाच्या आसनावर येऊन बसायला बोलावतात आणि ऋग्वेदात खुद्द अग्नीला ‘अतिथी’ म्हटलंय, तेव्हा ही भिंत अगदी कोरडी उभी करू नये.)

आता शब्दाच्या जन्माकडे. यावर विद्वानांमध्ये गेली शंभर वर्षं वाद आहे आणि तो मोठा रंगतदार आहे.

एक मत फुलाचं. तमिळमध्ये फुलाला ‘पू’ म्हणतात, तेलुगूत ‘पुव्वु’. कन्नडमध्ये आज ‘हूवु’ म्हणतात, जुन्या कन्नडमध्ये ‘पू’ होतं. ‘करणे’ला तमिळमध्ये ‘सेय्’, कन्नडमध्ये ‘गेय्’. पू आणि सेय् किंवा गेय् जोडा: फूल-करणे. मार्क कॉलिन्स यांनी ही कल्पना मांडली आणि सुनीतिकुमार चटर्जी यांनी ती उचलून धरली. चटर्जींनी तर सुंदर जोडी लावली: होम म्हणजे पशुकर्म, पूजा म्हणजे पुष्पकर्म. कानाला इतकं गोड लागतं की खरंच असावं असं वाटतं. व्युत्पत्तीच्या बाबतीत गोड लागणाऱ्या गोष्टींपासून जरा सांभाळूनच राहावं.

दुसरं मत लेपाचं. स्वीडिश पंडित यार्ल शार्पांतिए यांनी १९२०च्या दशकात ते मांडलं. तमिळ आणि कन्नडमध्ये ‘पूसु’ म्हणजे माखणे, फासणे, तेलुगूत ‘पूयु’. देवाला काहीतरी फासणं हेच पूजेचं मूळ रूप, असं त्यांचं म्हणणं. (आपलं ‘पुसणे’ याच्याशी जोडू नका. ते संस्कृत ‘प्रोञ्छ्’वरून आलंय आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, लागलेलं काढून टाकणे.) हे मत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम शेंदूर आठवला. गावाच्या वेशीवरचा म्हसोबा, शेताच्या बांधावरचा कुठलासा नाव नसलेला देव, पाराखालचा मारुती. हे देव दगडातून देव होतात कधी? शेंदूर फासला की. मंत्र नाही, गुरुजी नाही, घंटा नाही. तेलात कालवलेला शेंदूर आणि चार बोटं. जेजुरीला तर भंडारा उधळून देवाबरोबर भक्तही माखून निघतो. सप्तशृंगगडावर २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या साठलेला शेंदराचा थर काढला, तेव्हा खालचं मूळ रूप पाहून लोक चकित झाले. इतका जाड थर होता तो. एका परीने ती सगळी पूजाच होती, एकावर एक चढलेली.

चित्र म्हणून हे मत फुलापेक्षा मला जास्त भावतं. पण दोन्ही मतांना अडचणी आहेत. तमिळमध्ये पूजेला ‘पूसै’ म्हणतात, तो शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला. शब्द मूळ तिकडचा असेल तर माहेरी त्याचं जुनं रूप सापडायला हवं होतं. शिवाय आपण पाहिलेली अशोकाची पूजा, मंगलसुत्तातली पूजा, मनूची पूजा, यांत ना फूल आहे ना लेप. आणि ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात इंद्राला हाक मारताना ‘शाचिपूजन’ असा एक शब्द येतो. त्याच्या अर्थावर एकमत नाही. तरी त्यातलं ‘पूजन’ हे आपलंच पूजन असेल, तर शब्द फारच जुना ठरतो.

तिसरं मत जर्मन संस्कृतज्ञ पॉल थीम यांचं, १९३९ सालचं. त्यांनी शब्द संस्कृतातच शोधला आणि तो देवळात न शोधता घराच्या उंबऱ्यावर शोधला. घरी मानाचा पाहुणा आला की त्याला मध आणि दही कालवून द्यायची जुनी पद्धत होती, मधुपर्क. यातलं ‘पर्क’ हे ‘पृच्’ धातूवरून, म्हणजे मिसळणे, कालवणे. त्याच धातूच्या एका रूपावरून, बोलीभाषेच्या तोंडून झिजत, ‘पूजा’ शब्द बनला असावा असं थीम म्हणतात. ध्वनिबदलाची त्यांची वाट वळणावळणाची आहे आणि सगळ्यांना ती मान्य नाही. मला स्वतःला त्यांचं व्युत्पत्तीचं गणित थोडं ओढूनताणून वाटतं. पण त्यांनी बोट ठेवलेली जागा मात्र बरोबर वाटते. याचं कारण खुद्द पूजेच्या क्रमात आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रात मधुपर्क कुणाला द्यायचा ते सांगितलंय: यज्ञासाठी निवडलेले ऋत्विज, शिकून घरी परतलेला स्नातक, राजा, आणि आचार्य, सासरा, काका, मामा. ही मंडळी आली की एकेक गोष्ट तीन-तीनदा नाव घेऊन पुढे करायची. बसायला आसन. पाय धुवायला पाणी, ते पाद्य. हातावर घालायला मानाचं पाणी, ते अर्घ्य. चूळ भरायला पाणी, ते आचमन. मग मधुपर्क. आणि शेवटी गाय.

आता आपल्या षोडशोपचार पूजेचा क्रम मनात म्हणा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. पहिल्याने ‘या’ म्हणायचं, आणि पुढच्या चार पायऱ्या जशाच्या तशा त्या उंबऱ्यावरच्या आहेत. लांबून आलेला पाहुणा राहणारा असेल तर त्याला अंघोळ, धुतलेले कपडे, अंगाला चंदन, फुलं, सुगंध, उजेड, जेवण. सोळापैकी तेरा पायऱ्या होईपर्यंत आपण चांगल्या यजमानाने जे करावं त्यापलीकडे काहीच केलेलं नसतं. खास देवासाठी म्हणावं असं प्रदक्षिणेपासून पुढेच सुरू होतं, आणि नमस्कार तर मामालाही करतातच. पूर्वीच्या लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुवून त्याला मधुपर्क देई. काही घरांत अजून देतात. अधिक महिन्यात तेहतीस अनारसे घ्यायला सासरी दाखल होणाऱ्या जावयाला आपण कुठल्या जुन्या यादीतून आलोय याची कल्पना नसते. तो अनारसे मोजत असतो.

या सोळा उपचारांबरोबर जे मंत्र म्हणतात, ते पुरुषसूक्ताचे. त्याच्या ऋचाही बरोबर सोळा. आवाहनाला पहिली, आसनाला दुसरी, असं वाटप आहे. पण आसनाच्या ऋचेत आसन नाही, पाद्याच्या ऋचेत पाय धुणं नाही. एका विराट पुरुषाच्या यज्ञातून हे विश्व कसं झालं याचं ते वर्णन. ते पळीभर पाण्याला आणि गेजवस्त्राला जोडलंय. मंत्रपुष्पाला येणारी शेवटची ऋचा तर ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’, देवांनी यज्ञाने यज्ञ केला. म्हणजे आपण पूजेच्या शेवटी उभे राहून यज्ञाची आठवण काढतो. आजीच्या नऊवारीचे तुकडे नव्या गोधडीत शिवावेत तसं हे आहे. ऊब गोधडीची, काठ नऊवारीचे.

‘उपचार’ या शब्दापाशी जरा थांबायला हवं. मराठीत उपचार म्हटलं की आधी दवाखाना आठवतो. रुग्णावर उपचार चालू आहेत. आणि पूजेत सोळा उपचार. हे दोन वेगळे शब्द नाहीत. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे वावरणे. कुणाच्या तरी आसपास राहून त्याला हवं-नको बघणे, तो उपचार. परिचारिका तशीच, भोवती वावरणारी. आणि पंढरपूरला विठ्ठलाच्या परंपरागत सेवेकऱ्यांमध्ये एक मानाचं घराणं होतं, त्याचं नाव परिचारक. त्यांचं काम देवाच्या स्नानाचं पाणी आणणं. बाकीची नावंही ऐका: प्रत्यक्ष पूजा करणारे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारी, पदं गाणारे हरिदास, देवाला आरसा दाखवणारे डिंगरे, मशाल धरणारे दिवटे, चोपदारी करणारे डांगे. ही एखाद्या राजवाड्यातली नेमणूकपत्रं वाटतात. देवाला इथे मानाच्या पाहुण्यापेक्षाही वरची जागा, राजाची. २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या घराण्यांचे आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. पूजा चालूच आहे, करणारे बदलले.

आणि याच उपचारावरून ‘औपचारिक’. आज कशालाही औपचारिक म्हटलं की त्यातला जीव गेलेला असतो: औपचारिक उद्घाटन, औपचारिक भेट. मूळ शब्द मायेने भोवती वावरण्याचा, त्याचं हे असं झालं. पूजेचं हेच झालं नाही असं छातीठोकपणे म्हणता येईल का? फोनवर ध्वनिफीत लावून अर्ध्या तासात उरकलेली पूजा मीही केली आहे, तेव्हा मी गप्प बसतो.

पण पंढरपुरात उपचाराचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, तोही दर वर्षी. आषाढी वारीच्या दिवसांत गर्दीमुळे दर्शन चोवीस तास चालू ठेवतात. देवाला झोप नाही. म्हणून शेजघरातला पलंगच काढून ठेवतात. ‘देवाचा पलंग निघाला’ असं म्हणतात. वारी संपली की प्रक्षाळपूजा होते. देव दमलाय, उभं राहून पाय दुखत असतील, म्हणून गरम पाण्याने स्नान, रात्री शेजारतीला काढा. मग पलंग परत जागेवर आणि नित्याचे उपचार पुन्हा सुरू. या एका दिवशी दवाखान्यातला उपचार आणि गाभाऱ्यातला उपचार यांत काहीच अंतर उरत नाही.

कुणाला वाटेल की हे सगळं ग्रंथातलं, गुरुजींचं आणि मोठ्या देवळांचं झालं. तर पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या गोठ्यात जाऊन बघा. त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे तूप किंवा लोणी आणि हळद लावून चोळतात. मग बैलाला तोंडी आमंत्रण देतात: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गंध, ओवाळणं, आणि पुरणपोळी. आता यावर संस्कृत नावं चिकटवून बघा. आवाहन, स्नान, वस्त्र, अलंकार, गंध, दीप, नैवेद्य. पुरुषसूक्ताची एकही ऋचा नाही आणि क्रम जवळजवळ तोच. शार्पांतिएंचा लेप खांदेमळणीत आहे, थीमचा पाहुणा आवतनात आहे, फुलं गळ्यातल्या माळेत आहेत. तिन्ही पंडितांना पोळ्याला बोलवायला हवं होतं.

मला तरी असं वाटतं की एवढ्या जुन्या शब्दाचा एकच जन्मदाखला मागण्यात फार अर्थ नाही. फूल, लेप किंवा मधुपर्क यांपैकी जे काही मूळ असेल ते असो, इथल्या माणसांनी तो शब्द घरी आलेल्याचा मान राखणं या अर्थाने वाढवला.

इतर ठिकाणीही उपासनेचे शब्द असेच साध्या व्यवहारातून उचललेले आहेत. ख्रिस्ती मंडळी सामुदायिक उपासनेच्या ठरलेल्या क्रमाला लिटर्जी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लोकांसाठीचं काम. प्राचीन अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकाने पदरचे पैसे घालून वर्षभर एखादी युद्धनौका सांभाळायची किंवा नाट्योत्सवाचा खर्च उचलायचा, ती ‘लितुर्गिया’. आपल्याकडे मंडळाच्या मांडवाचा खर्च उचलणारे शेठ असतात, साधारण तसं. वसईचे मराठी कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात, तो शब्द लॅटिन विधीच्या अगदी शेवटच्या वाक्यातून आला: ‘जा, आता निरोप आहे’. म्हणजे अख्ख्या विधीला नाव मिळालं ते निरोपाचं. नमाज हा फारसी शब्द तर आपल्या ‘नमस्’चा सख्खा चुलत, दोन्हींत वाकणं आहे. आणि उपासना म्हणजे नुसतं जवळ बसणं.

मराठीत पूजेने घेतलेली वळणं मात्र खास आपली. कोल्हापुरात नवरात्रात अंबाबाईची पूजा ‘बांधतात’. रोज नवं रूप, साडी-दागिने-फुलांनी मूर्ती सजवून उभी करायची. ‘आज कुठली पूजा बांधली?’ असं विचारतात. इथे पूजा ही डोळ्यांनी बघायची वस्तू होते. खंडेनवमीला पाने-पक्कड, शिलाई मशीन, रिक्षा, कॉम्प्युटर यांना हळदकुंकू मिळतं. पोटपूजा कुणाला समजवायला नको, आणि पाठपूजा ज्याच्या वाट्याला आली त्याला तर मुळीच नको.

सगळ्यात विचित्र शब्द आहे ‘पूज्य’. पूज्य म्हणजे आदरणीय, पत्राच्या मायन्यात ‘परमपूज्य’. आणि जुन्या मराठीत पूज्य म्हणजे शून्य. आजोबांच्या पिढीत गणितात भोपळा मिळालेल्याला ‘पूज्य मिळालं’ म्हणायचे; ‘बोलायला वाघ, कामाच्या नावाने पूज्य’ हे अजून ऐकू येतं. त्यामुळे एखाद्या पुढाऱ्याच्या फलकावर ‘प. पू.’ लिहिलेलं दिसलं की मी दोन्ही अर्थ मनात धरून पुढे जातो.

राहिली उत्तरपूजा. गौरी-गणपतीच्या घरात ती ज्याने पाहिली आहे त्याला वरचं पुराण सांगायची गरजच नव्हती. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची, ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं, म्हणजे परत यायचंय हं. आणि कुणीतरी आतून आवाज देतं, ‘थांबा, थांबा, शिदोरी राहिली.’ मग घाईघाईने दहीपोह्यांची पुरचुंडी बांधून बरोबर दिली जाते.